दुसरे पारितोषिक, नऊ अक्षरांचा चरण आणि दोन काव्यस्पर्धांचा हिशेब

एका राज्यस्तरीय काव्यस्पर्धेत मला दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले आणि पारितोषिकाचे एक हजार रुपये वजा जाता ते मला 3,220 रुपयांना पडले. मी जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळ केळी खरेदी करणाऱ्या एका ग्रुपच्या कार्यालयात हिशेब लिहितो, त्यामुळे पावत्या जपून ठेवण्याची सवय आहे, आणि कवितेच्या पावत्याही मी एका फाइलमध्ये लावत गेलो. त्यानंतर आमच्याच भागातील एका वाचनालयाच्या स्पर्धेत मी दोन वर्षे भाग घेतला. पहिल्या वर्षी काहीच मिळाले नाही, आणि दोन्ही वर्षांचा मिळून खर्च दीडशे रुपयांच्या आत राहिला. नव्याने लिहू लागलेल्या माणसाच्या पदरात या दोन प्रकारच्या स्पर्धांतून काय पडते, एवढेच येथे सांगायचे आहे. ज्या संस्थेविषयी तक्रार आहे तिचे नाव लिहीत नाही, कारण अशा संस्था पुष्कळ आहेत आणि एकीचे नाव घेतल्याने बाकीच्या सुटतात. वाचनालयाचेही नाव देत नाही. तेथे आलेल्या प्रवेशिका वाचणारी माणसे तीनच आहेत आणि त्यांच्यावर आणखी भार पडावा असे मला वाटत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला प्रताप महाविद्यालयाच्या परिसरात 97 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. तेथून पुस्तकांच्या दोन पिशव्या घेऊन परतताना रस्त्यात एका तरुणाने माझ्या हातात गुळगुळीत कागदाचे पत्रक ठेवले. त्यावर ‘बालकवींच्या मातीतील नव्या प्रतिभेचा शोध’ अशा अर्थाचा मजकूर होता आणि खाली स्पर्धेचे नियम होते. जळगावात 1907 साली पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, त्यात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली, हा इतिहासही त्यात होता आणि तो खरा आहे. ठोमरे तेव्हा सतरा वर्षांच्या आसपासचे होते. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, तरीही पत्रक वाचून माझ्या छातीत काहीतरी हलले, हे कबूल केले पाहिजे. पत्रकात फक्त एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, की 1907 च्या त्या संमेलनात अध्यक्षांनी ती कविता समोर बसून स्वतः ऐकली होती.

त्याआधी मी दोन वर्षे व्हॉट्सअॅपवरील काव्यसमूहांत लिहीत होतो, त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आज आमच्या भागातील बहुतेक नवे कवी त्याच दाराने आत येतात. सकाळी सात वाजता विषय येतो, रात्री नऊपर्यंत कविता टाकायची असते, आणि दुसऱ्या दिवशी निकालपत्रक लागते. सोमवारी चित्रचारोळी (चित्रावर चार ओळी), बुधवारी अष्टाक्षरी (दर चरणात, म्हणजे ओळीत, आठ अक्षरे), शनिवारी मुक्तछंद असे वेळापत्रक असते. क्रमांकांची रचना मात्र नवख्याला समजून घ्यावी लागते. सर्वांत वरचा क्रमांक ‘सर्वोत्कृष्ट’, त्याखाली ‘उत्कृष्ट’, आणि त्याखाली ‘प्रथम’. म्हणजे प्रथम आलेला कवी तिसरा असतो. त्याच्या खाली द्वितीय, तृतीय, उत्तेजनार्थ आणि लक्षवेधी अशी उतरंड लागते, आणि क्वचितच कोणी रिकाम्या हाताने परततो. माझ्याकडे अशी 27 सन्मानपत्रे जमली, त्यांपैकी दोनांवर माझे आडनाव चुकलेले आहे. या समूहांना प्रवेश शुल्क नसते आणि त्यांनी मला रोज अक्षरे मोजायला शिकवले, हा त्यांचा उपकार मी नाकारणार नाही. परंतु सोळा ओळींची कविता टाकल्यावर विसाव्या सेकंदाला ‘अप्रतिम, सर’ असे उत्तर येते, तेव्हा ती वाचलेली नाही हे टाकणाऱ्यालाही कळते आणि उत्तर देणाऱ्यालाही. मीही तसेच उत्तर देत असे.

पत्रकातील स्पर्धा यापेक्षा वेगळी असेल असे मला वाटले, कारण तिला शुल्क होते. शुल्क घेणारा माणूस काम करील, हा माझा बाजारातला समज. प्रवेश शुल्क तीनशे रुपये, कविता अप्रकाशित, कमाल वीस ओळी, टंकलिखित प्रत टपालाने आणि त्याच कवितेची युनिकोड प्रत व्हॉट्सअॅपवर, अशी साधी अट होती. मी अष्टाक्षरीतली आजोबांवरची कविता पाठवली. टंकलेखन व छपाईचे ऐंशी आणि टपालाचे साठ रुपये झाले. तीन आठवड्यांनी फोन आला. निकाल नव्हे, निमंत्रण होते. स्पर्धेत आलेल्या ‘निवडक’ कवितांचा प्रातिनिधिक संग्रह निघणार होता आणि त्यात तीन पानांसाठी नऊशे रुपये सहभाग निधी भरल्यास दोन प्रती घरपोच मिळणार होत्या. न भरल्यास निकालावर परिणाम होईल का, असे मी विचारले. पलीकडच्या बाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितले की परिणाम मुळीच होणार नाही, मात्र पारितोषिकप्राप्त कविता संग्रहातूनच निवडल्या जातील. हे वाक्य मी तेव्हा दोनदा ऐकूनही मला समजले नाही. नऊशे रुपये भरले.

प्रातिनिधिक संग्रहाचा हा व्यवहार येथे उलगडून सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि तरी तो कोणी मोजत नाही. माझ्या हाती आलेल्या पुस्तकात 112 कवी होते. प्रत्येकी नऊशे धरले तर 1,00,800 रुपये होतात, आणि पुस्तक खपावे लागण्याआधीच ही रक्कम जमा झालेली असते. कवी हाच ग्राहक आणि कवी हाच वाचक. दुकानात ठेवायची गरज नसते, समीक्षकाकडे पाठवायची गरज नसते, आणि म्हणून चांगली कविता निवडायचीही गरज उरत नाही. असा संग्रह काढणे गैर आहे असे मी म्हणत नाही. आपले नाव छापलेले पाहण्याचा आनंद नऊशे रुपयांना महाग नाही, आणि आमच्या कार्यालयातले लोक त्याहून जास्त पैसे एका लग्नाच्या आहेरात घालतात. फक्त ती छपाईची सेवा आहे आणि तिला स्पर्धा म्हणू नये.

निकालात माझा दुसरा क्रमांक होता. सोहळा मोठ्या शहरात, रविवारी सकाळी दहा वाजता. मी सावद्याहून एसटीने भुसावळला गेलो आणि तेथून रात्रीच्या गाडीने निघालो. शेठांकडे दोन दिवसांची रजा मागितली तेव्हा त्यांनी विचारले, “भाऊ, बक्षीस तिकडून इकडे येतंय का इकडून तिकडे जातंय?” मी हसून वेळ मारून नेली. रेल्वेचे जाण्यायेण्याचे 690, एसटीचे 120, रिक्षाचे 260, खाण्याचे 310 आणि रात्री परतीची गाडी नसल्यामुळे लॉजचे 900 रुपये, अशा पावत्या फाइलमध्ये आहेत. सभागृहात संग्रहाच्या जादा प्रती सवलतीत दीडशेला एक अशा मिळत होत्या. नातेवाइकांसाठी मी चार घेतल्या. एकूण 4,220, त्यातून हजार वजा.

सोहळा साडेअकराला सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अकरा मान्यवरांचे सत्कार आणि त्यांची मनोगते यांत दीड तास गेला. मनोगतांमध्ये कवितेचा उल्लेख आला, कोणत्याही एका कवितेचा आला नाही. नंतर कवींना दोन दोन मिनिटे मिळाली, आणि संख्या पाहता दुपारी दोननंतर ती एकेका मिनिटावर आली. माझी पाळी आली तेव्हा पुढच्या तीन रांगांतील मान्यवर जेवायला गेलेले होते. शाल, श्रीफळ, लाकडी चौकटीवर पितळी पत्रा लावलेले सन्मानचिन्ह आणि पाकिटात हजार रुपये मिळाले. उत्तेजनार्थ 41 जणांना देण्यात आले. परीक्षक कोण होते हे मी तिघांना विचारले. एकाने ‘समिती’ असे उत्तर दिले, दुसऱ्याने संस्थेच्या अध्यक्षांकडे बोट दाखवले, आणि तिसरा माझ्यासारखाच स्पर्धक निघाला. पारितोषिक मिळाल्याचा आनंद मला झाला होता आणि तो खरा होता. परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडून मी सन्मानचिन्हावरचे नाव बोटाने चाचपून पाहत होतो, हे लपवून काय उपयोग?

संग्रह मी घरी आल्यावर नीट पाहिला. पुस्तक बांधणीला बरे, कागद जाड, मुखपृष्ठावर मोरपीस. आत ‘वर्ष’ या शब्दाचे सर्वत्र ‘वषर्’ झाले होते आणि ‘पूर्वी’ चे ‘पूवीर्’. युनिकोडमधला मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये उतरवताना रफार असा घसरतो, हे टंकलेखन करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे, आणि एकदा मुद्रिते (प्रूफे) वाचली की तो जागेवर येतो. म्हणजे ही मुद्रिते कोणी वाचली नव्हती. माझ्या कवितेचे चौथे कडवे असे होते:

केळबागेच्या पानांत
उन्ह लपून बसले
पाटाच्या पाण्यात माझ्या
आजोबांचे रूप हसले

हे कडवे तेव्हा मला फार आवडत असे. सोहळ्यातही मी तेच म्हटले होते. त्यात काय चुकले आहे हे जाणकार वाचकाच्या एव्हाना लक्षात आले असेल, माझ्या लक्षात यायला अजून आठ महिने लागणार होते.

नियमांच्या पत्रकातील शेवटची ओळ मी सोहळ्यानंतर वाचली. ‘स्पर्धेसाठी आलेल्या सर्व कवितांचे हक्क संस्थेकडे राहतील.’ आमच्या गावातील एका वकिलांनी तिच्याविषयी सांगितले ते उपयोगी आहे. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, आणि त्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी व हक्क देणाऱ्याच्या सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कवितेवर कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे असतो. पत्रकावरच्या एका ओळीने तो सहज जात नाही, परंतु प्रवेशिकेच्या अर्जावर तीच ओळ छापून खाली सही घेतली असेल तर प्रश्न वेगळा होतो. माझ्या अर्जावर सही होती. म्हणून स्पर्धेत उतरणाऱ्याने सही करण्यापूर्वी तेवढी ओळ वाचावी, आणि संस्थेला एकदा छापण्याची परवानगी देतो, हक्क देत नाही, असे स्वतःच्या हाताने खाली लिहावे. असे लिहिल्याबद्दल प्रवेशिका नाकारली गेली तर तीनशे रुपये वाचले असे समजावे.

‘राज्यस्तरीय’ या शब्दाचेही एकदा पाहू. हा शब्द कोणीही वापरू शकतो, त्याला परवाना लागत नाही. राज्य शासनाचे स्वर्गीय यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार असतात. त्यांत कवीच्या पहिल्या प्रकाशित संग्रहासाठीचा पुरस्कार आमच्या बहिणाबाई चौधरींच्या नावाने दिला जातो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 2011 पासून आहे, त्याला पस्तीस वर्षांची मर्यादा असल्याने माझी गाडी केव्हाच निघून गेली. हे दोन्ही छापलेल्या पुस्तकाला मिळतात. सुट्या कवितेच्या स्पर्धेतील पारितोषिक त्यांच्या रांगेत बसत नाही, आणि तसे ते बसते असा भास ज्या पत्रकातून होतो त्याचा कागद बहुधा गुळगुळीत असतो.

आता वाचनालयाची स्पर्धा. हे ‘ब’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे, इमारत जुनी, खाली वृत्तपत्रांचे टेबल आणि वर पुस्तके. स्पर्धेची माहिती फळ्यावर खडूने लिहिलेली होती. शुल्क नाही. कवितेच्या तीन प्रती द्यायच्या, कवितेच्या पानावर नाव, गाव किंवा कोणतीही खूण करायची नाही, आणि नाव-पत्ता वेगळ्या बंद पाकिटात घालून द्यायचा. ग्रंथपाल बाई त्या चारही वस्तूंवर एकच आकडा टाकतात. प्रती तीन परीक्षकांकडे जातात आणि पाकिटे कपाटात राहतात. निकालाची यादी आकड्यांत तयार झाल्यावरच ती फोडतात. परीक्षकांची नावे फळ्यावर आधीच लिहिलेली असतात. त्या वर्षी दोन निवृत्त मराठीचे प्राध्यापक आणि एक शेतकरी कवी होते. प्रमाण भाषेतील कविता आणि बोलीतील कविता असे दोन विभाग होते, आणि बोलींत अहिराणी, तावडी, लेवा, गुजरी यांपैकी काहीही चालेल असे कंसात लिहिले होते. मी ज्या शहरी स्पर्धेत गेलो तेथे ‘फक्त प्रमाण मराठी’ अशी अट होती. ती अट असलेल्या पत्रकावर खानदेशातल्या प्रतिभेचा शोध घेण्याचा मजकूर होता, आणि बहिणाबाईंची एकही ओळ त्या अटीत बसली नसती.

पारितोषिके पाचशे, तीनशे आणि दोनशे रुपयांची, अधिक एक पुस्तक. मी जी कविता दिली तिचा विषय पुन्हा आजोबाच होते, आणि जुन्या कवितेतले ते चार चरण मी थोडाही बदल न करता नव्या कवितेत घातले होते. कविता अप्रकाशित असावी हा नियम तेथेही होता, आणि मी तो मोडला, हे सांगून टाकतो. पारितोषिक मिळालेले कडवे पुन्हा वापरले की पुन्हा मिळेल, असा माझा हिशेब होता.

प्रमाण भाषेच्या विभागात त्या वर्षी पहिले पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. 57 प्रवेशिकांपैकी एकही त्या योग्यतेची वाटली नाही, असे निकालाखाली तीन सह्यांनिशी लिहिले होते. यावरून फळ्यासमोर थोडी बोलाचाली झाली. एका काकांनी पाचशे रुपये वाचवण्याची ही युक्ती असल्याचे सांगितले. ग्रंथपाल बाईंनी काही उत्तर न देता त्यांच्या हातात त्यांचा लिफाफा ठेवला. ज्यांना हवे असेल त्यांना परीक्षकांचा लेखी अभिप्राय मिळत होता, आणि त्यासाठी प्रवेशिकेबरोबर स्वतःचा पत्ता लिहिलेला तिकीट लावलेला लिफाफा द्यावा लागत होता. माझ्या लिफाफ्यात तीन चिठ्ठ्या होत्या. एका परीक्षकांनी फक्त ‘ठीक’ असे लिहिले होते. दुसऱ्यांचे अक्षर मला आजवर लागलेले नाही. तिसरी चिठ्ठी शेतकरी कवींची होती, निळ्या बॉलपेनने, वहीच्या अर्ध्या पानावर:

“चौथ्या कडव्याचा शेवटचा चरण नऊ अक्षरांचा आहे. मोजून पाहावे. तो नऊ का झाला हे त्याहून महत्त्वाचे. ‘बसले’ला ‘हसले’ जुळवायचे होते, म्हणून आजोबांना हसवले आणि त्यांना हसायला जागा हवी म्हणून ‘रूप’ घातले. दुसरे असे की, तुमच्या शिवारात पाटाचे पाणी अजून आहे का? असल्यास क्षमा. नसल्यास ठिबकावर लिहा.”

मी बोटांवर मोजले. आ, जो, बां, चे, रू, प, ह, स, ले. अष्टाक्षरीत लघु-गुरूचे बंधन नसते, जोडाक्षर एकच धरतात, फक्त आठ हा आकडा पाळायचा असतो, आणि तेवढाही मी पाळलेला नव्हता. दिवसभर घडांची वजने, गाड्यांची आणि कटतीची (कपातीची) बेरीज करणाऱ्या माणसाने हे करावे! त्या कडव्याला व्हॉट्सअॅप समूहात ‘उत्कृष्ट’ मिळाले होते, शहरात शाल मिळाली होती, ते 112 कवींच्या पुस्तकात छापले गेले होते आणि एका सभागृहात ध्वनिक्षेपकावरून म्हटले गेले होते. या सगळ्या प्रवासात ते कोणीही मोजले नाही, कारण ते कोणीही वाचले नाही.

दुसऱ्या मुद्द्याने मात्र मला अधिक दिवस छळले. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीला आज सर्रास ठिबक आहे. मी स्वतः नळ्यांची आणि विद्राव्य खतांची बिले वहीत चढवतो. आजोबांच्या काळी आमच्या मळ्यात पाट होता असे वडील सांगतात, मी तो पाहिलेला नाही. मग कवितेतला पाट कुठून आला? दुसऱ्यांच्या कवितांतून आला. खळाळणारे पाणी, पानाआड लपलेले उन्ह, डोळे मिटलेले आजोबा हे सगळे आयते सामान होते, मी फक्त ते नीट रचून ठेवले होते. एका अनोळखी माणसाने अर्ध्या पानात हे ओळखले आणि त्याबद्दल एक रुपयाही घेतला नाही. या चिठ्ठीची किंमत लावायचीच झाली तर तिकिटाचे पाच रुपये.

वाचनालयाच्या उणिवाही सांगतो. निकाल ठरलेल्या तारखेनंतर दोन महिन्यांनी लागला आणि त्या काळात फोन उचलला जात नव्हता. कार्यक्रम मे महिन्यात दुपारी तीन वाजता ठेवला, म्हणजे आमच्याकडे ज्या वेळी कुत्रेही सावली सोडत नाही त्या वेळी. शिवाय वीजही गेली. अभिप्राय मागणाऱ्यालाच मिळतो ही गोष्ट फळ्यावर इतक्या बारीक अक्षरांत लिहिली होती की 57 पैकी अवघ्या अकरा जणांनी लिफाफा दिला होता. तीनपैकी एक परीक्षक ‘ठीक’ या एका शब्दावर काम भागवत असेल तर त्याला पुढील वर्षी विश्रांती द्यावी. आणि पारितोषिक म्हणून दिलेली पुस्तके वाचनालयात दुबार आलेल्या प्रती असाव्यात असा मला संशय आहे, कारण एकावर दाखल क्रमांकाचा शिक्का खोडलेला होता.

तरी त्या कार्यक्रमात एक गोष्ट अशी घडली जी शहरातील सभागृहात घडली नाही. बोलीच्या विभागात पहिल्या आलेल्या बाई अमळनेरकडच्या होत्या. त्यांनी अहिराणीतील कविता म्हटली, विषय सासरी गेलेल्या मुलीच्या मोबाइलचा संपलेला रिचार्ज. वीज नसल्याने ध्वनिक्षेपक बंद होता, म्हणून लोक खुर्च्या ओढून जवळ आले. कविता संपल्यावर एका परीक्षकांनी उठून दोन चरण पुन्हा म्हणायला सांगितले, आणि त्यातला एक शब्द धुळ्याकडे वेगळा बोलला जातो यावर पाच मिनिटे चर्चा झाली. बाईंनी आपलाच शब्द धरून ठेवला. अध्यक्षांचे भाषण त्यामुळे दहा मिनिटांवर आले, आणि त्याबद्दल कोणी हळहळ व्यक्त केली नाही.

पुढच्या वर्षी मी नवी कविता दिली. आजोबा गेले, पाट गेला. कृषिपंपाला रात्री वीज येते तेव्हा वडील उठून शेतात जात, ते मी लहानपणापासून पाहिले आहे, आणि त्याविषयी कधी एक ओळही लिहिली नव्हती. सुरुवात अशी झाली:

ठिबकाच्या नळीतून
थेंब थेंब मोजलेले
बाबा रात्रीच्या विजेला
बॅटरी घेऊन गेले

‘बॅटरी’ हा शब्द कवितेत चालेल का, याचा मी आठवडाभर विचार केला. आधी तेथे कंदील होता. कंदीलही तीन अक्षरांचा, सहज बसत होता आणि अधिक काव्यमय दिसत होता, परंतु आमच्या घरी कंदील नव्हता, तीन सेलची पत्र्याची बॅटरी होती. कवितेला दुसरे पारितोषिक मिळाले, तीनशे रुपये. तीन प्रतींचे टंकलेखन आणि झेरॉक्स मिळून साठ रुपये, लिफाफ्याच्या तिकिटाचे पाच, वाचनालयापर्यंत स्कूटरने गेलो ते पेट्रोल धरलेले नाही. फाइलमध्ये पहिल्यांदाच कवितेच्या पानावर जमेची बाजू मोठी झाली, आणि शेठांना ते पान मुद्दाम दाखवले.

ज्यांना शहरातील सोहळा, छायाचित्र आणि पाहुण्यांना दाखवण्याजोगे सन्मानचिन्ह हवे आहे, त्यांनी शुल्काची स्पर्धा खुशाल घ्यावी. ती दिलेल्या पैशांत तेवढे नक्की देते आणि वेळेवर देते. माझे चिन्ह कार्यालयात रोकडवहीशेजारी आहे आणि दिसायला वाईट नाही. त्या सेवेला मी पाचपैकी दोन गुण देतो, त्यातला एक फोनवरच्या बाईंच्या सौजन्यासाठी. वाचनालयाला चार. पाचवा गुण मे महिन्यातल्या दुपारमुळे आणि ‘ठीक’ लिहिणाऱ्या परीक्षकांमुळे कापला आहे. प्रवेशिका देताना पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा विसरू नये. फळ्यावर ती सूचना उजव्या कोपऱ्यात सर्वांत खाली असते.

दुसऱ्या वर्षीही मी लिफाफा दिला होता. शेतकरी कवी त्या वर्षीही परीक्षक होते, अक्षर ओळखीचे आणि शाई तीच. “बॅटरी ठेवली हे बरे केले. तिसऱ्या कडव्यात बाबा परत येतात तेव्हा त्यांच्या पायाला चिखल नाही. रात्री पंपावर गेलेल्या माणसाच्या पायाला तो असतो.” तिसरे कडवे सध्या पुन्हा लिहायला घेतले आहे.